बाळाची निजण्याची जागा आणि पुढची वाढ : रोज बाळं हाताळणाऱ्यांनी लिहावं

झोळी, पाळणा की आईशेजारी अंथरूण? डोकं, मान, खुबा, रांगणं यांवर कशाचा काय परिणाम होतो? मोघम नको, नेमकं सांगा.

बालरोगतज्ज्ञ : वर्षाच्या आतलं बाळ दर वेळी उताणंच निजवा, दुपारच्या डुलकीलाही. कुशीवर ठेवलेलं बाळ सहज पालथं होतं. गादी तळहाताने दाबून बघा. हात उचलल्यावर खळगा राहिला तर ती नको. उशी, तक्के, मऊ खेळणी काढून टाका. पहिले ६ महिने तरी खोली आईचीच, अंथरूण मात्र वेगळं. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर एका अंथरुणात मुळीच नको.

बाळांची फिजिओथेरपी करणारी : उताण्या झोपेने डोकं मागून चपटं होतं, ही तक्रार खरी आहे. पण मोहरीची उशी हा त्यावर उपाय नव्हे, आणि उशी म्हणून ती धोक्याचीच. बाळ उजेडाकडे, आईकडे तोंड करतं. म्हणून एक दिवस डोकं अंथरुणाच्या या टोकाला, दुसऱ्या दिवशी त्या टोकाला ठेवा. तरीही मान एकाच बाजूला वळत असेल तर मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो. तिसरा महिना उलटण्याआधी दाखवा.

जागेपणी पालथं घालणं तितकंच महत्त्वाचं. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा ३ ते ५ मिनिटं, सातव्या आठवड्यापर्यंत दिवसभरात मिळून १५ ते ३० मिनिटं. दूध पाजल्यावर लगेच नको. रडलं तर टॉवेलची गुंडाळी छातीखाली द्या, हात गुंडाळीच्या पुढे. अमेरिकेतल्या १९९८ च्या एका अभ्यासात उताणी निजणारी बाळं पालथ्याची उताणी व्हायला, रांगायला थोडी मागे होती. चालायला मात्र सगळी एकाच सुमारास लागली. तेव्हा रांगणं लांबलं म्हणून बाळाला पालथं निजवू नका, ही कळकळीची विनंती.

आशाताई : साडीच्या झोळीत पाठीची कमान होते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दुमडते. बाळ निळं पडेपर्यंत आवाजही येत नाही. रडं शांत करण्यापुरती, समोर बसून वापरा. डोळा लागला की अंथरुणावर. आधी ढुंगण टेकवा, मग पाठ, शेवटी डोकं. मिनिटभर छातीवर हात राहू द्या, म्हणजे दचकत नाही. कूस बदलायला लागलं की झोळी बंद.

बालअस्थिरोगतज्ज्ञ : दुपट्यात पाय सरळ ताणून बांधू नका, खुबा सरकतो. छातीशी घट्ट नको. खाली गुडघे वाकून बाहेर पडतील इतकं सैल ठेवा. बाळ वळायला बघू लागलं, की दुपट्यात बांधणं त्याच दिवशी थांबवा.