जिथे भूक आहे तिथेही अन्न वाया का जाते, आणि ते वाचवल्याने भूक कमी होते का?

ओंबी (प्रश्न)

गेले काही दिवस मी अन्नटंचाईविषयी वाचत आहे आणि एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा अडखळत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2011 मध्ये असा अंदाज मांडला होता की, माणसांसाठी पिकवलेल्या अन्नापैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे वर्षाला 1.3 अब्ज टन अन्न, कोणाच्याही पोटात जात नाही. दुसरीकडे, संयुक्त राष्ट्रांच्याच अहवालानुसार 2024 मध्ये जगात सुमारे 67 कोटी 30 लाख लोक भुकेले होते. संपन्न देशांत ताटातले अन्न टाकले जाते हे दुःखद असले तरी त्यामागचे कारण कळते. परंतु आफ्रिकेतील ज्या देशांत दरवर्षी काही महिने घरातले धान्य संपलेले असते, तेथेही मोठ्या प्रमाणावर अन्न वाया जाते असे वाचले की ते मनाला पटत नाही. ज्याला घासाची किंमत ठाऊक आहे तो तो घास टाकून कसा देईल?

माझे प्रश्न दोन आहेत. हे अन्न नेमके कुठे आणि कशामुळे जाते? आणि ते वाचवता आले, तर तेथील भूक खरोखर कमी होईल का? या विषयात ज्यांनी काम किंवा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिफण

आपल्या प्रश्नातला ‘टाकून देणे’ हा शब्दप्रयोगच मुळात तपासून पाहावा लागेल, कारण गरीब देशांत जाणाऱ्या अन्नाचा फार मोठा भाग कोणी टाकलेला नसतो. अभ्यासक दोन गोष्टी वेगळ्या धरतात. काढणीपासून किरकोळ दुकानापर्यंत पोहोचण्याआधी जे जाते ती अन्नहानी, आणि दुकान, उपाहारगृह किंवा घर येथे जे जाते ती अन्ननासाडी. त्याच संघटनेने 2019 मध्ये केलेल्या सुधारित मांडणीत पहिल्या प्रकाराचे जागतिक प्रमाण सुमारे 14 टक्के असल्याचे सांगितले, आणि अन्नटंचाई असलेल्या देशांत मुख्य प्रश्न याच टप्प्याचा आहे.

मक्याचे उदाहरण घेऊ. कणीस शेतात पक्व झाले तरी दाण्यात बराच ओलावा असतो, आणि सुरक्षित साठवणीसाठी तो सुमारे 13 टक्क्यांपर्यंत उतरावा लागतो. लहान शेतकऱ्याकडे वाळवणीचे साधन म्हणजे ऊन आणि मोकळी जमीन एवढेच असते. काढणीच्या दिवसांत अवेळी पाऊस आला की दाणा ओलाच घरात येतो आणि बुरशी धरतो. जो दाणा नीट वाळतो त्याला सोंडे आणि भुंगेरे गाठतात. मध्य अमेरिकेतून आलेला मोठा दाणे पोखरणारा भुंगेरा 1980 च्या सुमारास टांझानियात आढळला आणि नंतर आफ्रिकेच्या मोठ्या भागात पसरला. तेथे त्याचे नैसर्गिक शत्रू नव्हते, त्यामुळे त्याने साठवलेल्या मक्याचे अक्षरशः पीठ केले.

कंदमुळे आणि भाजीपाला यांची गोष्ट याहून कठीण आहे. कसावा हे आफ्रिकेतील कोट्यवधी लोकांचे मुख्य अन्न असून नायजेरिया त्याचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक आहे. हा कंद जमिनीत असेपर्यंत महिनोन्‌महिने टिकतो, पण उपटल्यावर दोन ते तीन दिवसांत आतून काळा पडू लागतो. म्हणजे प्रक्रिया करणारी गिरणी दूर असेल आणि रस्ता चिखलाचा असेल, तर कितीही काळजी घेतली तरी माल हातातून जातो. नायजेरियाच्या उत्तर भागातील टोमॅटो विणलेल्या मऊ टोपल्यांतून दक्षिणेच्या शहरांकडे शेकडो किलोमीटर जातो, आणि एकावर एक रचलेल्या टोपल्यांत खालचा थर वाटेतच चिरडला जातो. ताठ प्लास्टिकच्या क्रेटमध्ये हे नुकसान बरेच कमी होते. पण रिकामे क्रेट परत आणायचे कोणी आणि त्याचे भाडे भरायचे कोणी, या एका प्रश्नापाशी व्यवहार अडतो.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी हानी मात्र वजनात मोजता येत नाही. आपले धान्य टिकणार नाही याची धास्ती आणि डोक्यावरचे देणे, या दोन्हींमुळे शेतकरी काढणी होताच, म्हणजे भाव सर्वांत पडलेला असताना, धान्य विकून टाकतो. पुढे टंचाईच्या महिन्यांत तेच धान्य तो चढ्या भावाने विकत घेतो. दाणा वाया गेलेला नसतो, तो कोणाच्या तरी पोटात गेलेलाच असतो, पण ज्याने पिकवला त्याचे घर उपाशी राहते.

धान्यकण

तिफण यांनी शेवटी जो मुद्दा मांडला आहे तेथूनच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सुरू होते असे मला वाटते. साठवणीचे साधे साधन हाती आले तर काय होते, याचा पुरावा उपलब्ध आहे. 1980 च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळी साठवण्यासाठी तीन पदरी हवाबंद पिशवी विकसित झाली. आत जाड प्लास्टिकचे दोन पदर आणि बाहेर विणलेले पोते, एवढीच तिची रचना आहे. तोंड घट्ट बांधले की आतील किडी उपलब्ध प्राणवायू वापरून संपवतात, मग त्यांचे खाणे आणि वाढणे थांबते, आणि कीटकनाशकाचा कणही न घालता दाणा महिनोन्‌महिने सुरक्षित राहतो. टांझानियात लहान शेतकऱ्यांच्या घरी अशा पिशव्या देऊन झालेल्या एका काटेकोर तुलनात्मक प्रयोगात, टंचाईच्या महिन्यांत तीव्र अन्न-असुरक्षितता भोगणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटले. म्हणून ओंबी यांना माझे उत्तर असे की, होय, भूक कमी होते. पण वाचलेले अन्न भुकेल्याच्याच घरात वाचले पाहिजे.

मग ही पिशवी सर्वत्र का नाही? ती साध्या पोत्यापेक्षा बरीच महाग असते, तिचे पैसे काढणीच्या वेळी एकरकमी द्यावे लागतात आणि तिचा फायदा सहा महिन्यांनी दिसतो. ज्याच्या हाती त्या आठवड्यात मुलांच्या शाळेचे पैसेही नसतात त्याला हा हिशेब कितीही पटला तरी परवडत नाही. होंडुरास, निकाराग्वा, ग्वाटेमाला आणि एल साल्वादोर या देशांत 1980 च्या दशकापासून स्वित्झर्लंडच्या मदतीने घरगुती पत्र्याच्या कोठ्यांचा कार्यक्रम दीर्घकाळ चालला. त्यात गावोगावच्या पत्रा-कारागिरांना कोठ्या बनवण्याचे प्रशिक्षण दिल्यामुळे पुरवठा आणि दुरुस्ती दोन्ही जवळपास होऊ शकल्या. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते.

मला खरी खंत वाटते ती मुदतींची. 1975 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने विकसनशील देशांतील काढणीपश्चात नुकसान 1985 पर्यंत किमान निम्म्यावर आणण्याचा ठराव केला होता. 2014 मध्ये आफ्रिकन संघाने मालाबो येथे हेच उद्दिष्ट 2025 साठी जाहीर केले. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत ग्राहक आणि दुकानांच्या पातळीवरील नासाडी 2030 पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आकडा आहे, परंतु गरीब देशांचा जो मुख्य प्रश्न, म्हणजे त्याआधीची हानी, तिच्यापुढे केवळ ‘कमी करणे’ एवढेच लिहिले आहे. चाळीस वर्षांनी उद्दिष्ट पुढे सरकण्याऐवजी मागे आले, आणि याबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

मृद्‌गंध

वरील दोन्ही उत्तरांशी बहुतांशी सहमत असूनही आकड्यांविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते, कारण या विषयात फुगलेल्या आकड्यांनी बरेच नुकसान केले आहे. आफ्रिकेत पिकलेल्या धान्यातले तीस-चाळीस टक्के जाते असे सर्रास लिहिले जाते. तृणधान्यांविषयीचे पद्धतशीर अंदाज त्यापेक्षा बरेच खाली, साधारण दहा ते वीस टक्क्यांच्या दरम्यान आहेत. मलावी, युगांडा आणि टांझानिया येथील राष्ट्रीय पाहणीत तर शेतकरी कुटुंबांनी स्वतः सांगितलेले मक्याचे घरगुती नुकसान एकूण पिकाच्या 1.4 ते 5.9 टक्के इतकेच निघाले. त्यातही लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हे नुकसान एक पंचमांशाहून कमी कुटुंबांत एकवटलेले होते. सरासरी लहान असली तरी ज्यांच्यावर ते येते त्यांच्यावर मोठे संकट कोसळते. अशा वेळी सर्वांना सारखी पिशवी वाटण्यापेक्षा ती कुटुंबे कोणती हे शोधणे अधिक उपयोगाचे ठरेल.

दुसरे असे की, वाचलेल्या टनांना भुकेल्या माणसांच्या संख्येने भागून ‘इतके लोक जेवले असते’ असा हिशेब मांडण्याची सवय आपण सोडली पाहिजे, कारण अन्न हातात असूनही ते पोहोचत नाही अशी परिस्थिती अनेकदा असते. येमेनमध्ये होदेदा बंदराजवळच्या गिरण्यांत जागतिक अन्न कार्यक्रमाचा 51,000 टन गहू होता, जो 37 लाख लोकांना महिनाभर पुरला असता. सप्टेंबर 2018 मध्ये लढाईची आघाडी तेथे सरकली आणि फेब्रुवारी 2019 पर्यंत त्या गव्हापर्यंत कोणालाही जाता आले नाही. पोहोचल्यावर दिसले की गव्हाला कीड लागली आहे आणि दळण्याआधी धुरी द्यावी लागणार आहे. येथे कोठीची कमतरता नव्हती आणि शेतकऱ्याची चूकही नव्हती.

शिवाय नासाडी हा केवळ श्रीमंतांचा दोष आहे ही समजूतही आता टिकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालानुसार 2022 मध्ये दुकाने, उपाहारगृहे आणि घरे मिळून 1.05 अब्ज टन अन्न वाया गेले, आणि उच्च, उच्च-मध्यम व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतील घरगुती नासाडीच्या सरासरीत माणशी वर्षाला जेमतेम 7 किलोचा फरक आढळला. त्यात सोललेली साले आणि हाडेही मोजलेली असतात हे मान्य करूनही, शीतकपाटाविना आणि खात्रीच्या विजेविना राहणाऱ्या शहरी घरांकडे आपण पुरेसे पाहिलेले नाही असे मला वाटते.

ओंबी

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभारी आहे. परंतु मृद्‌गंध यांनी दिलेल्या आकड्यांमुळे एक नवा प्रश्न उभा राहिला. शेतकरी स्वतःच नुकसान पाच-सहा टक्क्यांच्या आत सांगत असतील, तर काढणीपश्चात हानीचा प्रश्न मुळात लहान आहे असे मानायचे का?

तिफण

तसे मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘तुमचे किती धान्य वाया गेले’ असे विचारल्यावर शेतकरी जे फेकावे लागले तेवढेच सांगतो. भूक जवळ असते तेव्हा फार थोडे फेकले जाते. किडलेला दाणा पाखडून दळला जातो, बुरशी लागलेला धुऊन शिजवला जातो, चांगला भाग बाजारात जातो आणि काळवंडलेला घरात राहतो. वजनाच्या हिशेबात ही हानी शून्याजवळ दिसते, कारण ती माणसाच्या शरीरात गेलेली असते.

2004 मध्ये केनियाच्या पूर्व भागात हेच घडले. अवेळी पावसात काढलेला ओला मका लोकांनी घरात साठवला, त्यावरच्या बुरशीने अफ्लाटॉक्सिन हे विष तयार केले, आणि ते साध्या शिजवण्याने नष्ट होत नाही. 317 जणांना विषबाधा झाल्याची नोंद झाली आणि त्यांपैकी 125 जण दगावले. हे तीव्र विषबाधेचे टोक झाले. थोड्या थोड्या प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात जाणारे तेच विष यकृताच्या कर्करोगाला कारण ठरते. ही मृत्यूची नोंद अन्नहानीच्या कोणत्याही तक्त्यात टक्क्यांनी येत नाही.

यातून एक अवघड स्थिती निर्माण होते आणि तिच्याकडे डोळेझाक करता येत नाही. विषारी धान्य नष्ट केलेच पाहिजे, म्हणजे कागदावरची हानी वाढलीच पाहिजे. पण ज्या घरात दुसरे काहीच नाही त्या घराला ‘हा मका टाकून द्या’ असे सांगणे निरर्थक आहे, कारण मक्यातले विष डोळ्यांना दिसत नाही आणि रिकामी चूल दिसते. म्हणूनच त्या वर्षी केनियात दूषित मका काढून घेत असतानाच बाधित भागांत बदली धान्य पुरवावे लागले.