मदत हवी आहे: कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या मुलाला मेंटॉर करताना काय करावं?

मंडळी, अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना कोणी मेंटॉर केलंय का? मी बाल्टिमोरजवळ राहतो, आयटीत आहे, इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात ब्लॅक मुलांसाठी मेंटॉरिंग चालतं त्यात नाव दिलंय. माझ्याकडे आलेला मुलगा घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला, डोकं एकदम शार्प, पण रात्री वेअरहाउसची शिफ्ट आणि सकाळी कॅल्क्युलस, त्यामुळे अर्धा वेळ झोपेतच असतो बिचारा. काहीही विचारा, "ऑल गुड" म्हणतो, विषय संपला.

इथे यूएमबीसीत (युनिव्हर्सिटी ऑफ मेरीलँड, बाल्टिमोर काउंटी) सायन्स-इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी मेयरहॉफ प्रोग्रॅम आहे ना, १९८८ चा, पहिल्या बॅचला १९ ब्लॅक मुलं, मुली नंतर घ्यायला लागले. तिथे कॉलेज सुरू व्हायच्या आधीच उन्हाळ्यात एकत्र आणतात, मग ग्रुपने अभ्यास, स्कॉलरशिप, रिसर्च, सगळंच. मला विचाराल तर खरं काम तो ग्रुप करतो, एकटा मेंटॉर नाही. आमच्याकडे मात्र महिन्यातून एकदा कॉफी, बास.

तर फायनान्शियल एडचा फॉर्म, प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सना जाणं, असले विषय मीच काढू का त्याने विचारायची वाट बघू? आणि वर्गात आपण एकटेच ब्लॅक, हे कसं वाटतं ते मी काय सांगणार, मग एखादा ब्लॅक सीनियर जोडून द्यायला कॉलेजला सांगू का? त्याला ते मी अंग काढून घेतोय असं तर वाटणार नाही ना? उगाच लेक्चर देणारा काका व्हायचं नाहीये. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा प्लीज, गूगल करून झालंय.