स्लीव्हनंतर वजन परत वाढलंय, दुसऱ्या ऑपरेशनबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी मालवणची, वय 43. 2017 मध्ये मुंबईत स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी केली, म्हणजे वजन कमी करायला जठराचा मोठा भाग काढून ते लहान करायचं ऑपरेशन. 118 किलोवरून 74 वर आले होते, आता काटा 101 दाखवतो. तेव्हा अर्धी वाटी पेज पुरायची. आता भूक पूर्वीसारखी लागते, आणि रात्री आंबट पाणी घशाशी येतं, दोन उशा घेऊन झोपते. सर्जन म्हणतात, एवढी जळजळ असताना परत स्लीव्ह नको, गॅस्ट्रिक बायपास करू (जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात), आधी एंडोस्कोपी. बायपासनंतर बी-12, लोह, कॅल्शियम जन्मभर घ्यावं लागेल, त्याची तयारी आहे. पण मागच्या वेळी लांबच्या प्रवासामुळे तपासण्या चुकल्या, तेच पुन्हा व्हायला नकोय. कुणी असं दुसरं ऑपरेशन केलंय का? कोल्हापूर किंवा गोव्यात अनुभवी सर्जन आहेत का? विम्याने दुसऱ्यांदा खर्च दिला का? घरचे 'जेवण आवर' एवढंच म्हणतात. प्लीज, खरे अनुभव सांगा.