डेव्ही क्रॉकेट : आलामोच्या आधीचा सैनिक आणि आमदार समजून घ्यायला काय वाचावे?

प्रश्न

नमस्कार. अमेरिकेच्या सीमाप्रदेशातल्या डेव्ही क्रॉकेटची आपली ओळख बहुधा केसाळ टोपीपासून सुरू होते आणि ६ मार्च १८३६ रोजी टेक्सासमधील आलामो या तटबंदीच्या वेढ्यात त्याला आलेल्या मृत्यूपाशी संपते. मला त्याआधीचा माणूस समजून घ्यायचा आहे : क्रीक या मूळ अमेरिकन जमातीविरुद्धच्या युद्धात लढलेला आणि १८२१ मध्ये टेनेसी राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेलेला. सुरुवात कुठून करावी आणि कोणत्या मजकुरावर कितपत भिस्त ठेवावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

त्याच्या १८३४ च्या आत्मचरित्रापासूनच सुरुवात करा. त्याचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलेला आहे. टॅलुशाची या क्रीक गावावरील हल्ल्याचा भाग (नोव्हेंबर १८१३) मन घट्ट करून वाचावा लागेल. आत ४६ क्रीक योद्धे असताना एक घर जाळल्याचे तो सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी उपाशी सैनिकांनी त्याच घराच्या तळघरातले बटाटे खाल्ले, त्यांवर जळालेल्या माणसांची चरबी ओघळलेली होती, हेही लपवत नाही. सीमाप्रदेशातल्या युद्धाचे इतके उघडे वर्णन फार थोड्या सैनिकांनी केले असेल.

निवडणुकीची प्रकरणेही तितकीच मोलाची आहेत. १८२३ च्या प्रचारात त्याने कातडी सदऱ्याचे दोन मोठे खिसे योजले होते, एकात दारूची बाटली आणि दुसऱ्यात तंबाखू. मतदार घोट घेण्यासाठी तोंडातला बार थुंकून टाकील, म्हणून दारू पाजल्यावर त्याला नवा बार द्यायचा, असा त्याचा हिशेब होता. त्या वेळचा त्याचा प्रतिस्पर्धी डॉ. बटलर हा क्रीक युद्धातील सेनापती आणि पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॅक्सनच्या भाचीचा नवरा आणि चांगला सधन गृहस्थ होता, हे लक्षात ठेवून तो भाग वाचावा.

प्रतिसाद २

वरील शिफारशीशी मी सहमत आहे, पण एक सावधगिरी बाळगा. हे आत्मचरित्र लिहिताना क्रॉकेट काँग्रेसचा (अमेरिकेच्या संसदेचा) सदस्य आणि जॅक्सनचा उघड विरोधक होता, शिवाय केंटकीचे सदस्य थॉमस चिल्टन यांनी त्याला लेखनात मदत केली होती. त्यामुळे जॅक्सनविषयीचे प्रत्येक वाक्य त्या राजकारणाच्या उजेडातच तपासावे. त्याच्या मृत्यूनंतर १८३६ मध्ये त्याच्याच नावावर निघालेले टेक्सासच्या साहसांचे पुस्तक मात्र दुसऱ्याने रचलेले आहे, ते पुरावा म्हणून वापरू नये.

माझ्या मते खरा क्रॉकेट जमिनीच्या प्रश्नात सापडतो. नॉर्थ कॅरोलायनाने दिलेल्या जुन्या जमीनहक्कांच्या कागदांवर पश्चिम टेनेसीतील सुपीक जमिनी बळकावल्या जात होत्या आणि विनापट्टा जमीन कसणारी गरीब कुटुंबे उठवली जात होती. त्यांची बाजू तो आधी विधिमंडळात आणि १८२७ पासून काँग्रेसमध्ये मांडत राहिला. तो स्वतः त्याच थरातला होता : १८२१ मध्ये, आमदार झाला त्याच वर्षी, पुराने त्याची गिरणी वाहून नेली आणि ज्यांचे देणे होते त्यांचे पैसे चुकते करण्यात होते नव्हते ते गेले.

म्हणून आत्मचरित्रानंतर थेट विधिमंडळाच्या छापील कामकाजवृत्तांताकडे वळा, आणि त्यासोबत मूळ अमेरिकन जमातींना त्यांच्या भूमीतून पश्चिमेकडे हलवण्याच्या १८३० च्या इंडियन हकालपट्टी विधेयकावरील काँग्रेसमधले मतदान पाहा. टेनेसीच्या प्रतिनिधींपैकी विरोधात मत देणारा तो एकटाच होता, आणि पुढच्याच वर्षी मतदारांनी त्याला एका मुदतीपुरते घरी बसवले.