मदत हवी आहे: नदीच्या पाण्यातला ऑक्सिजन नेमका कधी मोजावा?

नमस्कार. मी विद्यापीठात शिकते. दर रविवारी आम्ही काही जण नदीकाठचा कचरा उचलतो, पाणीही तपासतो. सांडपाण्याचा नाला मिळतो त्याच्या खालच्या बाजूला विरघळलेला ऑक्सिजन दुपारी लिटरला ८ मिलिग्रॅम भरतो, पहाटे जेमतेम ३. रात्री शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट वापरतं, हे समजतं. पण तक्रार अर्जात कोणता आकडा द्यायचा? ३ वर बरेच मासे तग धरत नाहीत. मेलेले मी स्वतः पाहिलेत, फार वाईट वाटलं. नाल्याच्या वरच्या बाजूचा नमुनाही जोडावा का? विंकलर पद्धतीने, म्हणजे रसायनं घालून ऑक्सिजन मोजायच्या पद्धतीने, नमुना काठावरच स्थिर करतो (त्यातला ऑक्सिजन बदलू नये म्हणून), तरी तो किती तासांत तपासायला हवा? अनुभव असेल त्यांनी कृपया सांगा, अर्ज याच आठवड्यात द्यायचाय.