सुरकुती, चुणी की आठी? पातळ फिल्मवर मुद्दाम आणतात त्याला काय म्हणायचं

फोंड्याहून:
शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पोरांचा तक्ता मराठीत करून देतेय नी मथळ्यातच अडकलेय. रबरासारख्या मऊ थरावर प्लास्टिकची अगदी पातळ पण कडक फिल्म बसवायची, खालचा थर आक्रसला की फिल्मवर एकसारख्या अंतराने बारीक लाटा उठतात, असा विषय. मी लिहिलं 'नियंत्रित पृष्ठीय वलीकरण'. नवरा म्हणाला हे कुठलं आसन? वाचणारी पोरं सातवीतली. दुसरा शब्द द्या.

डिचोलीहून:
सरळ सुरकुत्या म्हणा ना ताई. चवथीच्या आधी खिडकीच्या गजांना ऑइलपेंट काढला, पाऊस उघडीप देईना म्हणून दोन हातांऐवजी एकच जाड हात थापला, दोन दिवसांनी बघतो तर दुधावर साय धरावी तसा पापुद्रा नी त्यावर म्हातारीच्या हातासारख्या सुरकुत्या, बोट दाबलं तर खालचा रंग ओलाच! वरची साय हवेतला ऑक्सिजन घेऊन फुगते, पसरायला जागा नाही, मग सुरकुतते. क्रियापदसुद्धा तयार आहे बघा.

मडगावहून:
पण सुरकुती म्हणजे नको असलेली गोष्ट, इस्त्री करून घालवायची. इथे तर हवीय. चुणी कशी वाटते? आई फ्रॉक शिवताना कमरेला सैल टाके घालून दोरा ओढायची, झराझर चुण्या पडायच्या.

ताळगावहून:
पॉलिमरमध्ये काम करतो म्हणून बोलतो, चुणी जवळची आहे पण तिथे अंतर टाका ठरवतो. निरी तर नकोच, ती बोटांनी एकेक मोजून घालतात. फिल्मवर कोणी काही मोजत नाही, अंतर आपोआप ठरतं. कडक फिल्मला फार वाकायचं नसतं म्हणून तिला लांब लाट बरी, खालच्या रबराला खोलवर ताण नको म्हणून त्याला आखूड, दोघांची तडजोड होते तेवढं अंतर. फिल्म दुप्पट जाड केली की अंतर दुप्पट. कडकपणाचा हिशोब मात्र घनमुळाचा, फिल्म हजारपट कडक घेतली तरी अंतर वाढणार दहापटच. 100 नॅनोमीटरची पॉलिस्टायरीन फिल्म मऊ सिलिकॉन रबरावर बसवली तर लाटेचं अंतर 5 मायक्रॉनच्या आसपास येतं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, नॅनोमीटर त्याच्याही हजारावा).
1998 मध्ये हार्वर्डच्या व्हाइटसाइड्स यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवलेलं, तापवून फुगवलेल्या सिलिकॉन रबरावर सोन्याची वाफ बसवली, रबर थंड होऊन आक्रसलं नी 20 ते 50 मायक्रॉन अंतराच्या लाटा उठल्या. नंतर 2004 मध्ये अमेरिकेतल्या निस्ट या मोजमापांच्या सरकारी संस्थेतल्या लोकांनी हेच उलटं वापरलं, अंतर मोजायचं नी त्यावरून फिल्म किती कडक ते काढायचं. मला स्वतःला हे जास्त आवडतं.
आणखी एक, ताणून धरलेल्या रबराला ऑक्सिजन प्लाझ्मा, म्हणजे विजेने भारलेला ऑक्सिजन वायू, दाखवला की वर काचेसारखा कडक पापुद्रा येतो. सोडलं की सुरकुत्या, परत ताणलं की सपाट.

मडगावहून:
मग ही आठी झाली! कपाळावरची. राग गेला की जाते.

ताळगावहून:
हाहा, खरंच की. नी दाबतच राहिलं तर पुढे लाटांचा एकसारखेपणा मोडतो, एखादीच खोल आत जाते. तिला घडी म्हणावं, सुरकुती नाही.

पेडण्याहून:
पेडण्याचा माणूस पडणे-पाडणे शिकवतोय म्हणून हसू नका. तुम्ही सगळे नामात शोधताय, उत्तर क्रियापदात आहे. सुरकुत्या 'पडतात' त्या गजावरच्या, नी 'पाडतात' त्या प्रयोगशाळेतल्या. एका कान्यात तुमचं 'नियंत्रित' आलं. भोक पडतं नी पाडतो, भांग पडतो नी पाडतो, तसंच. शंका एवढीच की अंतर जर आपोआप ठरत असेल तर 'पाडतात' म्हणणं खरं का?

ताळगावहून:
खरं. जाडी नी दाब आपण निवडतो ना. एकेक सुरकुती आपली नसते, नमुना आपला असतो.

फोंड्याहून:
मग मथळा झाला: 'पातळ फिल्मवर हव्या तशा सुरकुत्या पाडणे'. आठी खालच्या ओळीत घालते, पोरांना ती लगेच कळेल. डिचोलीकर, गजाचा फोटो द्या, तक्त्यावर चिकटवते.

डिचोलीहून:
कालच खरवडला हो. मागच्या पडवीतली खिडकी राहिलीय, थांबा, उजेडात काढतो.