फॅट बर्नरचा लॅब रिपोर्ट ‘पास’ आहे, मग घ्यायला हरकत नाही ना?

सांगलीची_सून:
नमस्कार मंडळी. जिमच्या ट्रेनरने वजन उतरवायच्या कॅप्सूल दिल्यात, अमेरिकेहून मागवलेल्या. डब्यावर ‘शंभर टक्के वनस्पतीजन्य’. आत अकेशिया रिजिड्युला, कडू संत्र्याचा अर्क, ग्रीन टी. सगळं मिळून ६५० मिग्रॅ, कशाचं किती ते लिहिलेलं नाही. विचारलं तर त्याने लॅब रिपोर्टच पाठवला. शिसं, पारा, बुरशी, जिवाणू, सगळ्यांपुढे ‘पास’. मला बीपीची गोळी चालू आहे. घेऊ का?

एचपीएलसीवाला:
ताई, डबा उघडू नका. रिपोर्ट खराही असेल, पण लॅब विचारलं तेवढंच सांगते. आमच्या लॅबमध्ये, वाळूजला, सॅम्पलसोबत चाचण्यांची यादी येते. पार्टीने शिसं मागितलं की आम्ही शिसं बघतो. उत्तेजक आहे का हे कुणी विचारलंच नाही, तर ते रिपोर्टवर उतरणार कुठून?

आता तुमचं अकेशिया. टेक्सास-मेक्सिकोकडचं काटेरी झुडूप आहे हे. २०१३ मध्ये एफडीएच्या (अमेरिकेची अन्न-औषध नियामक संस्था) शास्त्रज्ञांनी या नावाने विकली जाणारी २१ उत्पादनं तपासली. ९ मध्ये बीएमपीईए नावाचं उत्तेजक निघालं. खात्रीच्या झुडपाच्या नमुन्यांत मात्र त्याचा पत्ता नाही! म्हणजे कारखान्यात बनवलेलं, झुडपाच्या नावावर खपवलेलं. हा अॅम्फेटामिन या कडक उत्तेजकाचा सख्खा भाऊ. रेणुसूत्र तेच, रेणुभारही तोच १३५, फक्त मिथिल गट शेजारच्या कार्बनवर. नुसत्या भारावर विसंबलात तर फसाल. एचपीएलसी यंत्राच्या, म्हणजे द्रव्यं वेगळी करणाऱ्या, कॉलमवर दोघांचे पीक (आलेखावरचे उंचवटे) वेगळे पडायला हवेत आणि सोबत दोन्हींची स्टँडर्ड (तुलनेसाठीचे खात्रीचे नमुने) लावायला हवीत. ती मागवायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून हौसेने कुणी शोधत नाही.

माणसांवर या पदार्थाची सुरक्षितता तपासलेलीच नव्हती. तरी एफडीएची इशारापत्रं गेली २०१५ च्या एप्रिलमध्ये. तिकडच्या १९९४ च्या कायद्याने सप्लिमेंटला बाजारात यायला आधी मंजुरी लागत नाही, हे आपल्याकडे फार कमी लोकांना ठाऊक असतं. ‘अमेरिकेचं आहे’ म्हटलं की आपण मान डोलावतो.

बांधावरचे_अण्णा:
वनस्पतींना उगाच बदनाम करू नका. आमच्या बांधावर चिकणा, म्हणजे बला, उगवतो. बला तेल पिढ्यान्‌पिढ्या वापरतोय, कुणाला काही झालं नाही.

एचपीएलसीवाला:
अण्णा, तेल चोळायला माझी ना नाही. चिकण्यात एफेड्रिन हे उत्तेजक असतं, पण किंचित. अर्क काढून कॅप्सूलमध्ये दाबलं की हिशेब बदलतो. बाल्टिमोर ओरिओल्स या अमेरिकी बेसबॉल संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) स्टीव्ह बेचलर २००३ च्या फेब्रुवारीत सरावात उष्माघाताने गेला. वय २३. तो एफेड्राच्या (एफेड्रिन असलेलं झुडूप) गोळ्या घेत होता. पुढच्या वर्षी एफडीएने एफेड्रिनवर्गी अल्कलॉइड असलेली सप्लिमेंट बंद केली, त्यात चिकण्यापासूनचीही आली. मग त्या जागी डीएमएए हे दुसरं उत्तेजक आलं, ‘जिरेनियमचं तेल’ म्हणून. पूर्वी हेच नाक मोकळं करायच्या इनहेलरमध्ये विकत. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत नायजेरियाची धावपटू ओलुडामोला ओसायेमी हिच्या नमुन्यात ते निघालं आणि १०० मीटरचं सुवर्ण परत गेलं. एकावर बंदी आली की दुसरं झाड शोधायचं, असा हा धंदा आहे.

बांधावरचे_अण्णा:
बरं. पण चहा-कॉफीतही उत्तेजक असतंच की.

एचपीएलसीवाला:
असतं. पण कपात काय आहे ते तुम्हाला माहीत असतं, आणि धडधडलं तर दुसरा कप तुम्ही घेत नाही.

सांगलीची_सून:
डबा परत घेत नाही म्हणतो. तुमच्यासारख्या लॅबला पाठवू?

एचपीएलसीवाला:
पाठवलात तर ‘उत्तेजकांसाठी एलसी-एमएस स्क्रीनिंग’ (द्रव्यं वेगळी करून त्यांचे भार बघणारी चाचणी) असं स्पष्ट लिहून मागा, आणि यादीत कोणती द्रव्यं धरलीत ते आधी विचारा. खर्च डब्याच्या किमतीपेक्षा जास्त येईल, माझ्या मते तो करू नका. डबा बीपीच्या डॉक्टरांना दाखवा. कडू संत्र्यातलं सिनेफ्रिन हे उत्तेजक आणि ग्रीन टीतलं कॅफिन एकत्र रक्तदाब चढवू शकतात, आणि तुमच्या डब्यावर तर प्रमाणच नाही. एक कॅप्सूलही घेतली असेल तर तेही सांगा. आणि इकडच्या डब्यावर एफएसएसएआयचा (आपलं अन्न सुरक्षा प्राधिकरण) १४ आकडी नंबर दिसला तरी तो उत्पादकाचा परवाना, तुमच्या हातातला डबा तपासल्याचा दाखला नव्हे.

सांगलीची_सून:
उद्याच दाखवते. ट्रेनर म्हणतो हा नको तर दुसरा घ्या, त्यात फक्त हिजेनामाइन आहे, कमळापासूनचं. ते चालेल?

एचपीएलसीवाला:
नाही. २०१७ पासून ते वाडाच्या (खेळातलं डोपिंग रोखणारी जागतिक संस्था) बंदी यादीत नावानिशी आहे. ट्रेनरला विचारा, त्याने स्वतः कधी यादी वाचलीय का.